कानामागची काजळी

माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या वाट्यांशेजारी एक चांदीचा टाक होता. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. दोन डोळे, नाकाची रेघ, आणि हात जोडलेत की पदर धरलाय हे न कळणारं खालचं काहीतरी. ती माझी सवत. मी त्या घरात जायच्या आधीच तापाने गेलेली.

दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती रुसत नाही, मुलाबाळांच्या वाटेला जात नाही, अशी रीत. कुंकू लावताना बोट आधी टाकाला, मग आपल्या कपाळाला. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सणाच्या पुरणाचा कण आधी तिला. मी असोद्याची, केळीच्या बागांत हुंदडलेली पोर, आणि धुळ्याला सासरी आल्यापासून सगळ्या गोष्टी माझ्याआधी एका चांदीच्या बाईला मिळत होत्या. राग नव्हता हो मला तिचा. भीती होती. हंडा भरायला वाकले की टाक पुढे झुलायचा आणि पाण्यात माझ्या तोंडाआधी तो दिसायचा. मी डोळे मिटून हंडा उचलायची. निम्मं पाणी अंगावर.

सासूबाई म्हणायच्या, ही असोद्याची पाणी भरते की अंघोळ करते.

आणखी एक रीत होती ती सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिलीची आई ही दुसरीचीही आई. लेकीच्या जागी लेक. तिची आई दोंडाईच्याला राहायची, एकटीच. नवरा कधीचाच गेलेला, आणि ही एकच लेक होती, तीही गेली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मला माहेरच्या आधी दोंडाईच्याला नेलं. म्हातारीने मला जेवू घातलं, चोळी शिवली, आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघून बोलली. तिच्या घरात लाल मिरचीचा वास भरलेला असायचा, तिथे मिरचीचाच मोठा बाजार. त्या वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं तर ती म्हणाली, तिलेबी असंच व्हये. तिलाही असंच व्हायचं. मिरचीच्या वासाने कुणाच्या डोळ्यांना पाणी येत नाही, सांगा. पण मी तेव्हा जी दचकले ती परतीच्या एस्टीतही दचकलेलीच होते.

नंतर मला मुलगी झाली. साठ सालाच्या पुढची ती वर्षं. मुलगी गोरी, भरपूर केसांची, दांडगी. गळ्यातलं ओढायची तिला भारी सवय. पाजायला घेतली की मंगळसूत्र सोडून नेमका टाक मुठीत धरायची, आणि दात आल्यावर तर तोच चावत बसायची. त्या बाईच्या नाकाची रेघ माझ्या लेकीने चावून चपटी केली.

आमचे हे शाळेत मास्तर. बाहेरून बी.ए.ला बसले होते, इंग्रजी घेऊन. शाळेतून आले की ओसरीत फेऱ्या मारत पाठ करायचे. मी मराठी चौथी शिकलेली. पण कान शाबूत होते आणि हौस दांडगी होती. भाकरी थापता थापता मीही शब्द टिपून घ्यायची. इंग्रजी मी पुढे मुलांच्या पुस्तकांवरून शिकले ते निराळं. पहिले दोन मोठे शब्द मात्र ओसरीतले. फरक सांगा, असा प्रश्न हमखास येतो म्हणून ते घोकत होते, इन्कार्नेशन आणि एम्बॉडिमेंट.

मी विचारलं, दोन्हीत काय आहे एवढं.

ते म्हणाले, दोन्ही म्हणजे रूप घेणंच. पण राम, कृष्ण, ते इन्कार्नेशन. अवतार. कुणीतरी आधी असतो, तोच खाली येतो आणि नवा देह घेतो. एम्बॉडिमेंट तसं नाही. आमचे हेडमास्तर म्हणजे शिस्तीचं एम्बॉडिमेंट. मूर्तिमंत शिस्त.

"म्हणजे हेडमास्तर आधी शिस्त होते आणि मग जन्माला आले असं नाही?"

"नाही. ते आपल्या आईबापाचेच. त्यांच्याकडे बघून आपल्याला शिस्त दिसते, एवढंच."

"आणि अवतारात?"

"अवतारात तोच येतो. जुन्या ओळखीसकट."

जुन्या ओळखीसकट म्हणताना ते हसत होते. मी गळ्यातला टाक पुढे केला आणि विचारलं, मग ही काय? इन्कार्नेशन की दुसरं ते? ते हसायचे थांबले. पहिलीबद्दल ते कधीच बोलत नसत. म्हणाले, हे पुस्तकात नाही. आणि फेऱ्या मारायला लागले.

त्यांची परीक्षा जळगावला होती. असोदा तिथून हाकेवर, तेव्हा मुक्काम माझ्या माहेरी ठरला. ते गेले, आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी मुलीचं जावळ काढायचं सासूबाईंनी धरलं. वर्ष भरत आलं होतं, पुढे मुहूर्त नाही म्हणाल्या. जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर लागतं. पण माझा भाऊ केळीच्या घडांची वॅगन भरायच्या गडबडीत, त्याला सवड नाही. मग सासूबाईंनी दोंडाईच्याला निरोप धाडला. आजोळचं माणूस हवं ना, म्हणाल्या, तेही आजोळच आहे.

म्हातारी आली. पाठीवर गाठोडं, मिरचीचा तोच वास. पोरीला मांडीवर घेऊन अंगणात पाटावर बसली. नाभिकाने पाणी लावलं आणि वस्तरा धरला. पोर रडेल म्हणून मी समोर बसून टाळ्या वाजवत होते. ती रडली नाही. म्हातारीच्या पदराचा काठ चावत गप्प बसली होती. केसांचे पुंजके सासूबाई कणकेच्या गोळ्यात धरत होत्या. उजवी बाजू झाली. नाभिकाने पोरीचं डोकं वळवलं आणि डावी बाजू केली. डाव्या कानामागची बट खाली पडली तशी म्हातारी त्याला म्हणाली, थांब.

कानामागे एक काळा ठिपका होता. मला वाटलं तीट. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाई कपाळाला, तळपायाला, कानामागे, कुठेही काजळाचं बोट लावायच्या. मी पदर पाण्यात बुडवून पुसायला गेले. पुसलं. पुन्हा पुसलं. कातडी लाल झाली आणि ठिपका तसाच काळा राहिला. तेव्हा पोर रडली.

म्हातारी आमच्याकडे न बघता बोलली. "मीच लायेल व्हती. काजळी. तिना कानना मांगे."

मग सासूबाईंनी खोदून विचारलं तसं तिने सगळं सांगितलं. लेक गेली तेव्हा न्यायच्या आधी तिने तव्याची काजळी बोटावर घेतली आणि लेकीच्या डाव्या कानामागे लावली. तिकडच्या जुन्या बायका करतात म्हणे. परत जन्माला आली तर ओळखू यावी म्हणून. ठिपका कुणाला दिसू नये आणि आईला सापडावा, म्हणून कानामागे. कुणाला बोलली नव्हती. गावात कुणाकडे लेकरू झालं की ती बघायला जायची आणि कान मुडपून मागे बघायची. लोक म्हणत, म्हातारीला लेकरांची माया. ती शोधत होती.

नाभिक उरलेलं डोकं उरकून गेला.

दुपारी मला जेवण गेलं नाही. मी आत जाऊन पोरीला पाजायला घेतलं. तशी ती वरचं खाणं खात होती, माझ्या दुधावर फारसं अडून नव्हती. पण मला ती जवळ हवी होती. तिने नेहमीसारखा टाक मुठीत धरला. म्हटलं, ही स्वतःलाच धरते आहे. एवढे दिवस ही स्वतःला चावत होती. माझ्याच पोटातून ती माझ्या घरात परत आली, तिच्या नवऱ्याच्या घरात, आणि मी तिला पाजते आहे. जुन्या ओळखीसकट.

पोरीने मान मागे करून माझ्याकडे बघितलं आणि हसली. रोज हसायची तशीच. पण मी तिला खाली ठेवलं. माझी लेक, आणि मला तिच्या हसण्याची भीती वाटली. त्या घटकेइतकी मी आयुष्यात कशालाच भ्याले नाही.

खाली ठेवल्यावर ती माझ्याकडे रांगत आली. मी मागे सरकले. ती अजून पुढे. भिंतीला पाठ टेकली तेव्हा मी तिला उचललं आणि रडले.

तिकडे ओसरीत दोघी विहिणींचं बोलणं ठरत होतं, ते मला ऐकू येत होतं. पहिली उजव्या कुशीवर झोपायची, ही पण झोपते. तिला वांगं चालत नव्हतं, ही पण थुंकते. वांगं थुंकत नाही असं वर्षाचं लेकरू मी तरी पाहिलं नाही. पण तेव्हा प्रत्येक गोष्ट मला खिळ्यासारखी लागत होती. शेवटी सासूबाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, दोंडाईच्याची आई पोरीला न्यायचं म्हणते आहे. तिचा जीव लागलाय. आपली लेकच ती, आजोळी राहील.

मी म्हटलं, हे परीक्षेहून येऊ देत, मग बघू.

"आणि तोवर पोरीला काही झालं म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "जी ओढीने आली तिला अडवू नये बाई. एकदा गेलीच आहे ती या घरातून."

सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. पहिली तापात आईकडे जायचं म्हणत होती तेव्हा त्यांनी अडवून धरलं, धाडली ती उशिरा, आणि ती आलीच नाही. आता दुसऱ्यांदा तेच पाप नको, एवढाच त्यांचा हिशेब.

मी म्हातारीकडे बघितलं. म्हटलं, आई, ती माझी आहे.

ती शांतपणे म्हणाली, "तुले दुसरी व्हई जाई. हाई मनी शे."

दुसरी मला होईल. ही तिची आहे. भांडायला आली असती तर भांडले असते मी. ती मागत नव्हतीच मुळी. आपलं हरवलेलं सापडलं, ते घेऊन चालली होती.

यांचे पेपर संपायला अजून आठवडा होता आणि म्हातारीची एस्टी उद्या सकाळची. पोरीची झबली, दुपटं, वाळे, सगळं सासूबाईंनी काढून दिलं आणि ते मिरचीच्या गाठोड्यात गेलं. पोरीला घेऊन असोद्याला पळून जावं असं मनात आलं. पण पळून तरी काय? टाक गळ्यात आणि ठिपका कडेवर. मी जाईन तिथे ती दोन्हीकडून बरोबर. आणि खरं सांगते, मनाचा एक कोपरा म्हणत होता, नेऊ दे. गेली तर भीतीही जाईल. तो कोपरा मला ठिपक्यापेक्षा जास्त भिववत होता.

दिवस कलायच्या आधी म्हातारीने तेलाची वाटी मागितली. जावळ काढलेल्या पोरीला तेल लावायचं असेल म्हणून मी वाटी दिली. तर ती मला म्हणाली, बस. लेकीकडे आले आणि लेकीच्या डोक्याला तेल न लावता गेले असं होत नाही. रीत आहे.

मी तिच्यापुढे पाठ करून बसले. पोर माझ्या मांडीवर, गोटा केलेली, टाक चोखत. म्हातारीने माझा अंबाडा सोडला. तिचे हात खरखरीत होते आणि बोटांना मिरचीचा अंश, टाळूला चुरचुरत होतं. मी रडत होते, तिला दिसत नव्हतं. ती केसांतून बोटं फिरवत होती, कपाळापासून मागे, कानांवरून मागे, आणि काहीतरी पुटपुटत होती. असेच दाट होते म्हणाली, तिचे.

मग हात थांबले.

तिने माझा डावा कान पुढे मुडपला. पाणी मागितलं नाही, थुंकी लावून अंगठ्याने घासलं. जोरात. मी सकाळी पोरीला घासलं होतं ना, अगदी तसंच.

म्हणाली, "तुले बी शे वं माय."

मी विचारलं, काय आहे. तिने माझं बोट धरून कानामागे टेकवलं. बोटाला काहीच लागेना. सपाट तीळ असावा. कानामागचं माणसाला स्वतःला कुठे दिसतं. आपल्या अंगावरची ती जागा दुसऱ्याच्याच डोळ्यांनी कळायची.

मी वळले नाही, हिंमत नव्हती. नंतर तिने मला विचारलं की माझा जन्म कधीचा. मी म्हटलं, केळीचं मोठं वादळ झालं त्याच्या आदल्या साली, आई म्हणते. ती मनात माझी वर्षं मोजत होती आणि लेकीच्या मरणाशी लावून बघत होती. मी तर तिची लेक जिवंत असताना सोळा वर्षांची घोडी होते असोद्यात. माझ्या कानामागे काजळी कुणी लावलेली नव्हती. आईच्या पोटातून आणलेला तीळ, तो पुढे माझ्या लेकीला गेला.

तिला पाहिजे असतं तर ती बोललीच नसती. अंबाडा घातला असता आणि सकाळी पोरीला घेऊन गेली असती. सासूबाई आत होत्या. माझ्या कानामागे काय आहे ते जगात तिला एकटीला ठाऊक होतं.

मी वळले तेव्हा तिचं तोंड बारीक झालं होतं. एवढी वर्षं गावभर लेकरांचे कान मुडपत फिरलेली ती बाई, आता शोधायला कुठे जाणार होती? मला तिची भीती वाटायची थांबली असं नाही. पण भीतीच्या आतून माझ्या तोंडात ते यांचं ओसरीतलं अवताराचं बोलणं आलं. मी टाक बोटात धरला आणि म्हटलं, "आई, तुमची लेक या पोरीत नाही आली. पण मी या टाकाला कुंकू लावल्याशिवाय स्वतःला लावत नाही. आमच्या घरात तिची जागा इथं आहे. तुम्ही या आणि बघा."

तिने टाक हातात घेतला. दोरा आखूड, त्यामुळे मीही पुढे ओढली गेले आणि आमची कपाळं एकमेकींना लागली. पोर दोघींच्या मधे चेंगरली आणि ओरडली. म्हातारीने चावून चपटं झालेलं ते नाक अंगठ्याने चाचपलं, आणि रडली. लेक गेल्यापासून रडले नव्हते, असं नंतर तिनेच सांगितलं. रडली असती तर परत येण्याची वाट बंद झाली असती, असं वाटायचं म्हणे.

मग डोळे पुसून तिने गाठोडं सोडलं. झबली काढली, दुपटं काढलं, वाळे काढले. माझा अर्धा राहिलेला अंबाडा घातला. सासूबाई बाहेर आल्या तर म्हणाली, विहीणबाई, तुमची सून तेलाविना राहते, कानामागे कुणी बघत नाही तिच्या. तीळ आहे तिथं, पोरीसारखाच.

आठवड्याने हे आले. त्यांना सगळं सांगितलं तर उजेडात नेऊन माझा कान मुडपून बघितला. आहे म्हणाले, तिळाएवढा. तीन वर्षं संसार केला आणि या माणसाला माहीत नव्हतं. मी विचारलं, तो इन्कार्नेशनचा प्रश्न आला का. नाही म्हणे, आलाच नाही, उगीच घोकला.

भीती लगेच गेली नाही. पोर तापली की मी टाकाकडे बघायची. मुलगी मोठी झाली, शाळेत गेली, वांगंही खायला लागली, तेव्हा कुठे मी हंड्यावर डोळे उघडे ठेवून वाकायला लागले. दरवर्षी आम्ही दोघी दोंडाईच्याला जायचो आणि दोघीही परत यायचो. म्हातारी दोघींच्या डोक्याला तेल लावायची. कान मुडपायची नाही.

ती गेली तेव्हा मी तिथेच होते. लेकीच्या जागी मीच, म्हणून न्हाऊ घालणं माझ्याकडे आलं. शेजारच्या एका जुन्या बाईने चुलीवरचा तवा उलटा करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, लाव बाई, कानामागे. मी बोट काजळीत घातलं. बोट काळं झालं. म्हातारीचा डावा कान मी मुडपला, मागची कातडी पांढरी, स्वच्छ होती. आणि मला त्या दिवशीचं आठवलं. भिंतीला पाठ लावून बसलेली मी, आणि माझ्याकडे हसत रांगत येणारं माझंच लेकरू.

कुणाच्या तरी घरी ती जायची असेल तर जाईल. त्या घरच्या आईने तिला खाली ठेवू नये.

मी बोट माझ्याच लुगड्याला पुसलं. कान पुन्हा सरळ केला, त्यावर केस ओढून घेतले आणि बायकांना म्हटलं, झालं, उचला.